बाराखडी पाठ आहे, मग वाचन का अडतं?

प्रश्न असा आहे: मुलगी मराठी शाळेत दुसरीत आहे, घर लालबागला. वर्णमाला आणि बाराखडी न अडखळता म्हणते, वहीत नीटनेटकी उतरवते. पण पुस्तकात नवा शब्द आला की थबकते, नाही तर चित्राकडे बघून काहीतरी ठोकून देते. वाचायला बस म्हटलं की रडारड. शिकवणीच्या बाईंनी रोज बाराखडी लिहून आणायला सांगितली आहे. ते चालू ठेवावं का?

नको. निदान पुढचे दोन-तीन महिने तरी बंद ठेवा. ३४ व्यंजनं गुणिले १२ रूपं, म्हणजे ४०८ अक्षरं मुलं एका चालीवर म्हणतात आणि पुढचं अक्षर ती चालच आणून देते. पुस्तकात 'टे'च्या मागोमाग 'टै' येत नाही. लिहितानाही तेच होतं. हात ओळीने काना, वेलांट्या, उकार भरत जातो आणि 'टे' हा आवाज मनात उमटला नाही तरी पान भरतं. बाराखडी निरुपयोगी आहे असं नाही. पण ती वाचता येणाऱ्या मुलाने एकदा नजरेखालून घालायची मांडणी आहे. वाचायला शिकण्याची ती वाट नव्हे.

आधी नेमकं कुठे अडतंय ते शोधा. वाचनाचे अभ्यासक फिलिप गफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ साली वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं: लिपी उलगडणं गुणिले भाषा समजणं. हा गुणाकार आहे, बेरीज नाही. दोन्हींपैकी एक बाजू शून्य असेल तर दुसरी कितीही भक्कम असली तरी हाती काही लागत नाही. म्हणून पहिली तपासणी याच दोन बाजूंची करा. तिच्या इयत्तेचा, तिने न वाचलेला सात-आठ ओळींचा परिच्छेद तुम्ही वाचून दाखवा आणि चार प्रश्न विचारा, त्यातला एक तरी 'का'चा. दुसऱ्या दिवशी तितकाच अवघड दुसरा परिच्छेद तिला वाचू द्या आणि तसेच प्रश्न विचारा. ऐकून समजतं पण वाचून समजत नाही, तर अडचण लिपीची. ऐकूनही समजत नसेल तर भाषेचं काम आधी हवं. तुमच्या वर्णनावरून तुमच्या मुलीचं प्रकरण पहिलं वाटतं, पण खात्री करून घ्या.

लिपीच्या बाजूला चार ठिकाणी धागा तुटतो. ते तपासायला वीस मिनिटं पुरतात. मुलांना वाचता येतं का हे पाहणाऱ्या 'असर' या देशव्यापी सर्वेक्षणात वापरतात ती अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशी चाचणीही घरी घेता येते, पण ती मूल कोणत्या पायरीवर आहे तेवढंच सांगते. तिथे का अडकलं, ते त्या चाचणीतून कळत नाही.

पहिलं ठिकाण कानाचं. यात कागद-पेन्सिल नको. 'बटाटा' टाळ्या वाजवत तोडायला सांगा: ब-टा-टा. मग 'मासा, माकड, पाल' यात सुरुवातीला वेगळा आवाज कोणाचा? मग काढून टाकण्याचा खेळ: 'कपाट'मधला 'क' काढला तर काय उरलं? 'विमान'मधला 'वि' काढला तर? 'बदाम'मधला 'ब'? शेवटी बदलण्याचा: 'दार'मधल्या 'दा'चा 'दो' केला तर? दहापैकी सात-आठ उत्तरं सहज आली तर कान तयार आहे. दुसरीतल्या मुलाला टाळ्यांचा भाग जमतो आणि काढण्या-बदलण्याचा जमत नाही, असं फार वेळा दिसतं. मग त्याला काना-मात्रा हे अक्षराला चिकटवलेले दागिने वाटतात, आवाजात होणारा बदल वाटत नाही.

दुसरं ठिकाण सुट्या अक्षरांचं. वीस अक्षरांच्या चिठ्ठ्या पिसून एकेक दाखवा. उत्तर बघताक्षणी यायला हवं. मूल ओठातल्या ओठात 'च छ ज झ' म्हणत तिथवर पोचत असेल तर ते अक्षर अजून ओळखीचं झालेलं नाही. 'कमळाचा क' असं उत्तर येत असेल तर तेही नोंदवा. तक्त्यावरचं चित्र सुरुवातीला आधार देतं आणि नंतर पायात येतं. 'कप' वाचताना ज्याच्या मनात आधी कमळ आणि मग पतंग येतो, त्याला 'कप'पर्यंत पोचायला वेळ लागणारच.

तिसरं स्वरचिन्हांचं. इथे निरर्थक शब्द वापरा: मेपू, टिको, गैनी, बूशे, लौता. असा शब्द कुठे ऐकलेला नसतो, त्यामुळे अंदाज चालत नाही आणि खरी स्थिती उघडी पडते. कोणतं चिन्ह चुकतंय ते लिहून ठेवा. बहुतेक मुलांचा काना पक्का असतो. गोंधळ मात्रा एक की दोन यात आणि पहिल्या वेलांटीत असतो.

चौथं ठिकाण जोडून म्हणण्याचं, आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित. मूल 'ब', 'द', 'क' तिन्ही बरोबर म्हणतं आणि तरी 'बदक' म्हणत नाही. कारण सुटं अक्षर आपण शेवटच्या 'अ'सकट शिकवतो, पण बोलताना 'बदक'मधल्या 'क'चा 'अ' गळतो. 'करवत' तर आपण 'कर्-वत्' म्हणतो. लिहिलेल्या अक्षरांची नुसती बेरीज केली तर बोललेला शब्द मिळत नाही. मोठ्यांना हे जाणवत नाही, म्हणून 'अगं, तीन अक्षरं तर वाचलीस, आता म्हण की!' असं ओरडणं होतं. मुलाला हे दाखवावं लागतं: आधी सावकाश, मग जलद, मग 'आपण बोलतो तसं म्हण'. तिसरी पायरी सोडू नका.

आता शिकवायचं कसं. वर्णमालेचा क्रम बाजूला ठेवा. सात व्यंजनं आणि एक चिन्ह यांनी सुरुवात करा: म, न, ल, र, स, क, ब आणि काना. पहिली पाच मुद्दाम निवडली आहेत. त्यांचा आवाज न तोडता लांबवता येतो, 'मऽऽमाऽऽन' असं ओढत पुढच्या अक्षरावर घसरता येतं. 'क' आणि 'ब' लांबत नाहीत, म्हणून ती शब्दाच्या शेवटी आधी आणा, सुरुवातीला नंतर. एवढ्या आठ खुणांत मान, कान, नाक, रस, बस, लाल, मासा, मका, कमान, सारस, बकरा असे कितीतरी शब्द होतात आणि वाक्यंही: 'बाबा, बसा. काका, सरका. मामा, काम करा.' पहिल्याच आठवड्यात मूल खरं वाक्य स्वतः वाचतं. सगळी मुळाक्षरं संपेपर्यंत काना न शिकवण्याच्या पद्धतीत हे महिनोन्महिने घडत नाही, कारण काना-मात्रा-वेलांटीशिवायच्या शब्दांतून जगण्यातलं वाक्य जेमतेम उभं राहतं.

दुसऱ्या गटात प, त, ग, द, ह, स्वर 'आ', एक मात्रा आणि दुसरी वेलांटी घ्या: हात, दात, तेल, केस, माती, गादी, आली. तिसऱ्यात उकार आणि पहिली वेलांटी. एका गटाला साधारण दोन ते तीन आठवडे लागतात. पुढे जाण्याची खूण एकच: त्या गटातले दहा न पाहिलेले शब्द समोर ठेवले तर नऊ मदतीशिवाय यावेत. तारखेकडे बघून पुढे जाऊ नका.

सारखी दिसणारी अक्षरं एका गटात कधीच घेऊ नका: भ-म, ध-घ, थ-य, ब-व, प-ष, ट-ठ-ढ. 'यांच्यातला फरक बघ' म्हणून जोडीने शिकवलं की जोडीच लक्षात राहते आणि कोण कोणता याची कायमची गल्लत होते. एक अगदी पक्कं झाल्यावर निदान दोन आठवड्यांनी दुसरं आणा.

स्वरचिन्हांसाठी बाल-बेल-बैल-बोल, दार-दूर-दोर, माळ-मूळ-मेळ असे संच करा. व्यंजनं तीच, बदललं फक्त चिन्ह, आणि अर्थ पार वेगळा. चिठ्ठ्या जमिनीवर ठेवा, तुम्ही शब्द बोला, मुलीने चिन्ह बदलून तो करायचा. नंतर उलट: तुम्ही चिन्ह बदला, तिने वाचायचं. 'दला काना दा' हे म्हणणं अडलं तर वापरा, एरवी नको. त्या जपात मूल चिन्हाचं नाव घेतं, मग आवाज आठवतं, मग अक्षर. शब्द संपेपर्यंत पहिलं अक्षर विसरलेलं असतं.

पहिली वेलांटी विशेष त्रासदायक. ती दिसते आधी, उच्चारली जाते नंतर. डावीकडून उजवीकडे इमानदारीने वाचणारं मूल 'दिवा'ला 'इदवा' म्हणालं तर ते निष्काळजी नाही, उलट नियम पाळतंय. उपाय सोपा आहे: लिहिताना आधी 'द' काढायला लावा, तो म्हणून दाखवू द्या, मग मागे येऊन वेलांटी. हाताने हा क्रम दहा-बारा शब्दांत गिरवला की डोळा तो उचलतो. ऱ्हस्व-दीर्घाच्या उच्चारासाठी मात्र वाचताना अडवू नका. 'कवी' आणि 'कवि'तला फरक आपल्याही बोलण्यात ऐकू येत नाही. तो शुद्धलेखनाचा विषय आहे, त्याची वेळ वेगळी.

रोज वीस मिनिटं, आठवड्यातून पाच-सहा दिवस. तीन मिनिटं कानाचे खेळ, पाच मिनिटं अक्षरं आणि चिन्हं, पाच मिनिटं चिठ्ठ्यांनी शब्द करणं, पाच मिनिटं वाक्यं वाचणं, शेवटची दोन मिनिटं वाचलेल्यातलेच तीन शब्द ऐकून लिहिणं. एका दमात तासभर बसवून काही साधत नाही. ही वीस मिनिटं शाळा सुटल्या सुटल्या नकोत, आणि ऑफिसहून लोकलच्या गर्दीतून घरी आल्याबरोबरही नकोत. दमलेला मोठा माणूस तिसऱ्या चुकीला आवाज चढवतो.

चित्र बघून ठोकून देणं थांबवायचं तर चित्र झाका. 'काय असेल बरं?' असं विचारूच नका. अनोळखी शब्दावर अंदाज करायला शिकलेलं मूल पहिलीत चुणचुणीत वाटतं आणि तिसरीत, चित्रं कमी झाल्यावर, अडकतं. 'मासा' समोर असताना ती 'माकड' म्हणाली तर 'चूक' न म्हणता दुसऱ्या अक्षराखाली बोट ठेवा आणि तिथूनच आवाज काढायला लावा. पाच सेकंद थांबा. तरी जमलं नाही तर तुम्ही सांगा आणि ओळ पुन्हा सुरुवातीपासून वाचून घ्या.

काही गोष्टी चूक धरू नका. कोळी-आगरी घरातलं मूल 'पाणी' बघून 'पानी' म्हणतं आणि 'काळा' बघून 'काला'. त्याने शब्द बरोबर ओळखला आहे आणि आपल्या घरच्या बोलीत म्हटला आहे. ण आणि ळ यांचा आवाज वेगळ्या वेळी, खेळातून ऐकवा. वाचताना दर ओळीला टोकलं तर मूल वाचणंच सोडतं. च आणि ज यांचेही मराठीत दोन-दोन उच्चार आहेत, 'चार'मधला वेगळा आणि 'चाक'मधला वेगळा. 'तो घरी जात आहे' आणि 'जात-धर्म' यातला 'ज' एकच लिहितो, पण म्हणतो निराळा. मराठी घरातल्या मुलाला हे शब्द ओळखीचे असल्याने आपोआप सुटतं. घरी हिंदी किंवा गुजराती बोलणाऱ्या मुलाला सांगावं लागतं.

जोडाक्षरांचा क्रमही ठरवून घ्या. आधी तेच अक्षर दोनदा आलेली: गल्ली, अक्का, बच्चा. मग दांडी गाळून जोडलेली: रस्ता, पुस्तक, ग्लास. मग एकाखाली एक किंवा गुंतलेली: लठ्ठ, विद्या, द्वार. 'क्ष', 'ज्ञ', 'त्र', 'श्र' वेगळी चित्रं म्हणूनच ओळखू द्या. इथेही कान आणि डोळा यांची तक्रार असते: लिहितो 'र-स्ता', म्हणतो 'रस्-ता'. म्हणून मूल 'स्ता'वर अडखळतं. त्याला अर्धा 'स' मागच्या अक्षराला लावून वाचायला शिकवा, अडथळा सुटतो. 'र' सगळ्यात शेवटी, कारण त्याची रूपं अनेक आहेत: 'सूर्य'चा रफार, 'दुसऱ्या'तला आडवा, 'प्रेम'मधला तिरका, 'ट्रक'मधला खालचा. रफाराचीही पहिल्या वेलांटीसारखीच खोड आहे, पण उलटी. दिसतो पुढच्या अक्षरावर, उच्चारायचा त्याच्याआधी.

याचा सराव फुकट मिळतो तो मध्य आणि पश्चिम रेल्वेच्या पाट्यांवर. 'परळ'ला एकही चिन्ह नाही. 'दादर'ला फक्त काना. 'ठाणे'त काना आणि मात्रा. 'शिवडी' आणि 'विरार' पहिल्या वेलांटीने सुरू होतात. 'मुलुंड'मध्ये दोन उकार आणि अनुस्वार. 'कुर्ला' आणि 'चर्चगेट'मध्ये रफार. जे शिकवून झालंय तेवढंच विचारा. 'सँडहर्स्ट रोड' तिसरी-चौथीसाठी राखून ठेवा.

अक्षरं आली की ओघाकडे वळा. एकेक शब्दावर जोर देऊन वाचणाऱ्या मुलाची सगळी शक्ती शब्द उलगडण्यात जाते, अर्थासाठी काही उरत नाही. ६० ते ८० शब्दांचा एकच परिच्छेद तीन दिवस वाचू द्या. पहिल्या दिवशी तुम्ही बोट फिरवत वाचून दाखवा, मग ती. चुका आणि वेळ दोन्ही टिपा. शंभर शब्दांत पाचपर्यंत चुका असतील तर पुस्तक योग्य. दहाहून जास्त झाल्या तर ते तुम्ही तिला वाचून दाखवायचं पुस्तक आहे. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानात दुसरीअखेर मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीअखेर किमान ६० शब्द, तेही समजून, असं लक्ष्य आहे. हा आकडा दिशेपुरता घ्या. मराठीत 'झाडावरच्या' हा एक शब्द, 'घराबाहेरच्यांनी' हाही एकच. असे शब्द जास्त असलेल्या उताऱ्यात वेग उतरणारच. घड्याळ मुलीला दाखवू नका.

या लांब शब्दांवर वेगळं काम लागतं, आणि शाळेत त्याला वेळ मिळत नाही. 'झाड'वर बोट ठेवून 'हे ओळखतेस?' विचारा, मग 'वर', मग 'च्या'. प्रत्यय वेगळ्या रंगाने लिहून दाखवा: -ला, -ने, -त, -चा, -वर, -साठी, -पासून. त्याहून चोरटा प्रकार म्हणजे प्रत्यय लागताना मूळ शब्दच बदलतो: पाऊस-पावसात, गूळ-गुळाचा, विहीर-विहिरीत. 'पाऊस' वाचणारी मुलगी 'पावसात' बघून कोरी राहिली तर तिला अक्षर आलं नाही असं नाही, तिला शब्दाचं हे दुसरं रूप कागदावर कधी भेटलेलं नसतं. रोज दोन जोड्या, बोलून आणि लिहून, पुरेत.

भाषेच्या बाजूचं काम वाचनाच्या वीस मिनिटांत मिसळू नका. त्यासाठी झोपण्याआधीची दहा-पंधरा मिनिटं द्या आणि फक्त वाचून दाखवा, तिच्या इयत्तेच्या वरचं सुद्धा. चाळीत किंवा टॉवरमध्ये वाढणाऱ्या मुलाने ओसरी, रहाट, वाफा, उंबरठा पाहिलेला असेलच असं नाही. गोष्टीआधी असे दोन-तीन शब्द चित्राने किंवा खुणेने सांगा. दहा शब्दांचे अर्थ पाठ करून घेऊ नका. मध्येच थांबून 'आता पुढे काय होईल? तुला असं का वाटतं?' एवढं विचारा. पुस्तकांचा खर्च नको असेल तर प्रथम बुक्सच्या 'स्टोरीविव्हर' या संकेतस्थळावर पातळीनुसार मराठी गोष्टी मोफत आहेत आणि बालभारतीची पाठ्यपुस्तकंही तिच्या संकेतस्थळावर मिळतात.

शेजारचं मूल इंग्रजी शाळेत असेल तर त्यालाही यातलं बरंचसं चालेल. राज्यात २०२०च्या कायद्याने सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली, त्यामुळे अशी मुलं पुष्कळ आहेत. आवाज तोडणं-जोडणं एका भाषेत आलं की दुसरीत कामाला येतं. अक्षरं आणि चिन्हं मात्र नव्यानेच शिकावी लागतात.

असं तीन-चार महिने नियमित करूनही नऊ-दहा अक्षरांपुढे गाडी सरकत नसेल, काल पक्कं झालेलं आज पुसलं जात असेल, किंवा घरात आणखी कोणाला वाचनाची अशीच अडचण असेल, तर आधी डोळे आणि कान तपासा. वारंवार सर्दी होऊन कानात पाणी साचणाऱ्या मुलाला प-ब, त-द यांतला फरक नीट ऐकूच येत नाही. दोन्ही ठीक निघाले तर विशिष्ट अध्ययन अक्षमतेची, म्हणजे डिस्लेक्सियासारख्या वाचन-लेखनाच्या अडचणीची, तपासणी करून घ्या. ही अक्षमता २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात समाविष्ट आहे. औपचारिक निदान साधारण आठव्या वर्षानंतर, तिसरीच्या सुमारास करतात, पण मदत त्याआधी सुरू करायला कोणाच्या कागदाची गरज नाही. मुंबईत महापालिकेच्या शीव आणि नायर रुग्णालयांत ही तपासणी होते. १९९६ पासून काम करणारी महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशनही इथेच आहे. जाताना शाळेच्या वह्या, प्रगतिपुस्तकं आणि वर सांगितलेल्या तपासणीत लिहून ठेवलेल्या चुकांची यादी न्या. 'वाचत नाही हो' या एका वाक्यापेक्षा ती यादी डॉक्टरांना जास्त सांगते.